लॉगच्या पुस्तकातली सरस्वती

२८ सप्टेंबर, रविवार. आजचं काम: शिलाईच्या मशिनी पुसून तेल देणं, कात्र्यांना धार लावून आणणं आणि दसऱ्याच्या पूजेची पुस्तकं काढून ठेवणं.

मी शाळांचे गणवेश शिवून देते. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मशिनी, कापायचं टेबल आणि पंडरीच्या कापडबाजारातून आणलेले तागे एवढंच मावतं. खंडेनवमीला मशिनींची पूजा होते, कारण घर त्यांच्यावर चालतं. दसऱ्याला पुस्तकांची होते. घर त्यांच्यावर कधीच चाललं नाही, पण बिचाऱ्यांना वाईट वाटू नये.

मशिनी झाल्या. पुस्तकांकडे वळले तर बाकी सगळी जागेवर होती, लॉगचं पुस्तक तेवढं नव्हतं. देवघराच्या खालच्या खणात ते लाल फडक्यात बांधून ठेवलेलं असतं. फडकं होतं, पुस्तक नव्हतं.

“अहो, पुस्तक कुठं आहे?”

नवरा खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. वीज खात्यातून रिटायर झाल्यापासून तो हेच काम करतो, आणि नोकरीपेक्षा जास्त मन लावून करतो.

“कपाटात ठेवलं. लोखंडी. कुलूप लावून.”

“काहून?”

“त्याले आता हात नको लावू. ते साधं पुस्तक नाही.”

साधं नव्हतंच ते. अख्ख्या पुस्तकात एक गोष्ट नाही, एक चित्र नाही, नुसते आकडे. मोठे गुणाकार बेरजेवर भागवता यावेत म्हणून चारशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडातल्या एका जमीनदारानं कित्येक वर्षं बसून लॉगची कोष्टकं मांडली. दोन आकड्यांचे लॉग शोधायचे, त्यांची बेरीज करायची आणि उत्तरावरून उलटं यायचं. जगभरचे खलाशी, ज्योतिषी आणि सर्वेवाले त्याला दुवा देत राहिले. मग कॅल्क्युलेटर आला आणि सगळ्यांनी दुवा देणं बंद केलं. आमच्या सासरचे मूळ पुरुष रेल्वेच्या सर्वेत कारकून म्हणून नागपूरहून रायपूरला आले, आणि कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी हे इंग्रजी पुस्तक घेतलं, अशी घरातली कथा. लिलावात इतरांनी पलंग, कंदील, बंदूक घेतली म्हणतात. आमच्यांनी लॉग घेतले. या घराण्याची व्यवहारबुद्धी तेव्हापासून एकसारखी आहे.

नवऱ्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातल्या लिलावाचा व्हिडिओ होता. काचेच्या पेटीत एक जुनं पुस्तक, आणि त्याच्याकडे आदरानं बघणारी कोटातली माणसं. लॉगचं पहिलंवहिलं छापील पुस्तक. खाली किंमत होती. त्यातली शून्यं मी मोजली नाहीत. स्क्रीनवर बोट ठेवून नवराच मोजत होता.

“हे आपलं नाही ना पण,” मी म्हटलं.

“हे नाही. पण याच्या जवळचं आहे. आपल्या पुस्तकावर रोमन आकड्यांत साल आहे. काल भिंग लावून वाचलं. एम, डी, सी, मग तो लाल डाग, मग एक्स एक्स आणि पुढं थोडं. सतराव्या शतकाची सुरुवात आहे. लॉग निघाले त्याच्या दहा-बारा वर्षांच्या आतलं!”

लाल डाग म्हणजे कुंकू. दर दसऱ्याला पुस्तक पहिल्या पानावर उघडून मधोमध कुंकवाचं बोट लावायचं, आणि मधोमध नेमकं साल. पिढ्यान्‌पिढ्या सालालाच कुंकू लागत आलं.

“नागपूरहून एक संग्राहक येऊन राहिले. दसऱ्याला दुपारी. जुन्या पुस्तकांतले मोठे जाणकार. तोपर्यंत हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. आणि सरस्वती तर अजिबात नाही.”

हे शेवटचं वाक्य तो जरा मोठ्यानं बोलला, कारण दारात सासूबाई उभ्या होत्या.

इथे सरस्वती समजावून सांगायला हवी. आमच्यात दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात. तिला हात, वीणा, मोर काही नसतं. देवनागरी एकाचे आकडे एकमेकांना जोडून केलेली नक्षी, तीच सरस्वती. सासरच्या घरात कुठल्याशा दसऱ्याला पाटी फुटली, तेव्हा कुणीतरी या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर सरस्वती काढली आणि पूजा उरकली. आमच्या लोकांना कुठलीही गोष्ट दोनदा केली की परंपरा वाटते. तेव्हापासून घरातलं मूल ज्या वर्षी लिहायला शिकायचं, त्या वर्षी त्याचा हात धरून पुस्तकाच्या पुढच्या-मागच्या कोऱ्या पानांवर त्याची सरस्वती काढायची, निदान आठवण राहील तेव्हा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. पहिल्याच दसऱ्याला त्यांच्या सासऱ्यांनी त्यांचा हात धरून त्यांचीही काढून घेतली, आणि त्याच आठवड्यात त्यांना बाराखडीला बसवलं. मी बी.कॉम. होऊन आले होते, म्हणून माझी काढून घेतली नाही. शिकून आलेल्या सुनेला सरस्वती लागत नाही, असा घराचा समज होता. स्वयंपाक मात्र शिकून येऊनही लागत होता.

यंदा माझ्या मुलीच्या मुलीची पाळी होती. मुलगी आणि जावई दोघंही ऑफिसला जातात, त्यामुळे नात दिवसभर आमच्याकडे असते. पाच वर्षांची आहे. श्रावणापासून सासूबाई तिला टेबलावरच्या उरलेल्या कागदांवर एक गिरवायला लावत होत्या. डोळ्यांना नीट दिसत नाही, हात थरथरतो, पण दसऱ्यापर्यंत पोट्टीचा एक नीट झाला पाहिजे, हा एकच विषय. “पुढच्या दसऱ्याचं कोणी पाहिलं,” असं त्या दर दोन दिवसांनी म्हणत होत्या. ते आम्ही मनावर घेत नव्हतो, कारण हे त्या वीस वर्षांपासून म्हणतात. पण यंदा त्यांना ते खरंच वाटत होतं, हे मला दिसत होतं.

“सरस्वती काहून नाही?” त्यांनी विचारलं.

“आई, किंमत कमी होते. पुस्तकावर काही लिहिलं, रेघ मारली, डाग पडला, की संग्राहक हात नाही लावत. स्थिती पाहतात ते. बांधणी जुनी पाहिजे, कडा कापलेल्या नको, पान कोरं पाहिजे.”

“मग याच्यात आधीच्या सरस्वत्या आहेत, त्याचं काय करशील?”

“तेच तर!” नवरा म्हणाला. “जे झालं ते झालं. अजून एक नको.”

सासूबाई दारातून आत आल्या. मग म्हणाल्या, “पोट्टीले मी सांगून ठेवलं आहे.”

“तिच्यासाठी मी झेरॉक्स काढून आणतो. पहिल्या पानाची. अगदी तसंच दिसते.”

“झेरॉक्सवर विद्या येते का रे?”

“आजकाल सगळं झेरॉक्सवरच येते, आई.”

हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य असेल, पण सासूबाई तोपर्यंत निघून गेल्या होत्या.

पुढचे तीन दिवस घर संग्रहालय झालं. नवऱ्यानं सगळ्यांच्या जुन्या बुटांच्या खोक्यांतून ओलावा शोषणाऱ्या पुड्या गोळा केल्या आणि कपाटात टाकल्या. कपाटाच्या खोलीत मी फोडणीचा वास येऊ देऊ नये, असं त्याचं म्हणणं. स्वयंपाकघर त्या खोलीला लागून आहे, त्यामुळे फोडणी कुठे द्यायची ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही आणि फोडणी दिली. किल्ली तो सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागला. रात्री सदरा उशाशी.

खरं सांगायचं तर मला या सगळ्यात एका गोष्टीचंच वाईट वाटलं. त्या कपाटात माझे बटणांचे आणि शाळांच्या बिल्ल्यांचे डबे होते. ते बाहेर पलंगाखाली गेले, आणि दिवाळीआधीच्या घाईत मला दर तासाला पलंगाखाली वाकावं लागत होतं. जगातलं दुर्मीळ पुस्तक जपण्याचा खर्च माझी कंबर भरत होती.

बातमी अर्थातच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पसरली. शेजारच्या किराणा दुकानदारानं विचारलं, “दीदी, सुना है आपके घर में कोई अंग्रेज़ों के ज़माने की लोग की किताब है?”

“लोग नहीं भैया, लॉग.”

“वही। किन लोगों की है?”

मी म्हटलं, “हमारे ही लोगों की।” तेवढं त्याला पुरलं.

नवऱ्यानं पाऱ्यात स्वतः कुणाला सांगितलं नाही, असा त्याचा दावा. पण गोल बाज़ारातून तो नवा पांढरा टेबलक्लॉथ घेऊन आला, कारण पाहुणे पुस्तक टेबलावर ठेवून बघतील. टेबल कुठलं? माझं कापायचं. त्यावरचे अर्धवट कापलेले सत्तर खिसे मी उचलून ठेवले. आता खिसे, बटणं आणि मी, सगळे जमिनीवर आलो होतो.

सासूबाईंनी गिरवणं थांबवलं. नात कागद घेऊन जायची, “बड़ी आजी, एक बनाऊँ?” म्हणायची. त्या म्हणायच्या, “राहू दे आता.” नात मग त्याच कागदावर फुलपाखरं काढायची. मुलांचं बरं असतं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा मांडली. चौरंगावर इतर पुस्तकं, त्यांच्यावर झेंडूची फुलं, आणि मधोमध ए-फोर आकाराच्या कागदावर लॉगच्या पुस्तकाची झेरॉक्स. दुकानदारानं काळा रंग जास्त सोडला होता, त्यामुळे कुंकवाचा डाग कोळशासारखा दिसत होता. नवऱ्यानं त्यावर हळद वाहिली. सासूबाईंनी इतर पुस्तकांना कुंकू लावलं, झेरॉक्सला लावलं नाही.

“आई, याच्यावर काढू दे ना तिले. पेन्सिल घे.”

“तूच काढ,” सासूबाई म्हणाल्या. “तुझी झेरॉक्स आहे.”

नातीनं विचारलं, “मेरा नंबर नहीं आएगा क्या?” मग तिनं प्रसादातलं पेढ्याचं पुडकं उघडलं. या घरात वेळेवर आणि नेमकं काम करणारी ती एकटी.

संग्राहक दुपारी आले. साठीचे, टापटीप, खादीचा झब्बा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी पांढरे सुती हातमोजे, भिंग आणि छोटी टॉर्च काढली. त्या पांढऱ्या हातमोज्यांकडे नवरा असा बघत होता जणू मुलाखतीला बोलावणं आलं आहे. आधी जेवण झालं. हातमोजे काढून ठेवून त्यांनी श्रीखंड दोनदा घेतलं, मग हात धुऊन पुन्हा घातले.

पुस्तक नव्या टेबलक्लॉथवर आलं. त्यांनी ते उघडलं, पानाचा वास घेतला, कडेवरून बोट फिरवलं, मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढे आले. नवरा टेबलाला खेटून उभा होता. सासूबाई कोपऱ्यात पलंगावर बसल्या होत्या, आणि नात त्यांच्या मांडीला टेकून बसली होती.

“साल कुठं म्हणता?” संग्राहकांनी विचारलं.

“हे काय. एम, डी, सी. मग कुंकू लागलं आहे जरा. मग एक्स एक्स.”

“कुंकू लागलं आहे जरा,” ते म्हणाले. त्या डागाची जाडी पाहता ‘जरा’ हा शब्द नवऱ्यानं चांगलाच ताणला होता. “अक्षर पाहून मला वाटत नाही इतकं जुनं. कागदही त्या काळाचा नाही वाटत.”

“पण साल आहे ना जी समोर.”

संग्राहकांनी एक मोजा काढला. पान उलटवलं, आणि सालाच्या बरोबर मागच्या बाजूला टॉर्च तिरपी धरली. मग उघड्या बोटानं हळूच चाचपलं.

“जुन्या छपाईत खिळ्यांचा दाब कागदात उमटतो,” ते म्हणाले. “पुढून झाकलं तरी मागून लागतं. या, पहा.”

नवऱ्यानं पाहिलं. मीही वाकून पाहिलं. टॉर्चच्या तिरप्या उजेडात कुंकवाच्या मागे कागदावर दोन बारीक उंचवटे होते. दोन कड्या. उलटे सी.

“एम, डी, सी नाही,” ते म्हणाले. “एम, डी, सी, सी, सी. दोन सी कुंकवाखाली गेले.”

एक सी म्हणजे शंभर. दोन सी म्हणजे दोनशे. आमच्या घराण्यानं दर दसऱ्याला एक बोट लावून पुस्तक दोनशे वर्षांनी जुनं केलं होतं. कुठल्याही नकली माल करणाऱ्याला इतक्या श्रद्धेनं काम जमलं नसतं.

“म्हणजे?” नवऱ्यानं विचारलं, उत्तर कळल्यावर माणूस जसं विचारतो तसं.

“एकोणिसाव्या शतकातलं आहे. त्या काळी अशी कोष्टकं खूप छापली गेली. सर्वेवाले, जहाजावरचे लोक, कॉलेजं, सगळे घ्यायचे. लॉगची पहिली पुस्तकं दुर्मीळ आहेत, कारण तेव्हा कुणाला त्यांची गरज आहे हेच माहीत नव्हतं. नंतर गरज कळली, आणि मग दुर्मीळ राहिलं नाही. आणि पहिलं पान असं… बाजारात याला नाही कुणी विचारणार.”

नवरा खुर्चीत बसला. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही, पण पाणी दिलं.

इथवर ठीक होतं. पुस्तक साधं निघालं, कपाट मोकळं होईल, संध्याकाळी नातीची सरस्वती होईल, दसरा संपायला अजून वेळ आहे, असा मी अंदाज बांधला. सासूबाईंनीही बांधला असावा, कारण त्यांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

पण संग्राहक भला माणूस निघाला. भली माणसं जाता जाता दिलासा देतात, आणि तिथून खरा त्रास सुरू होतो. पुस्तक मिटता मिटता त्यांनी मागची पानं पुन्हा उलटली.

“ही नक्षी कसली?”

नवऱ्यानं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांनी दुसरा मोजाही काढून टाकला.

“हे मी कुठं पाहिलं नाही. लॉगच्या पुस्तकात एकाची सरस्वती! एकाचा लॉग शून्य असतो, माहीत आहे ना? तुमच्या लोकांनी शून्याची पूजा केली!” ते मनापासून हसले. आम्ही हसलो नाही. “छापील पुस्तक म्हणून नाही, पण घराण्याचा रिवाज म्हणून एखादा परदेशी संग्रह हे घेईल. फक्त सलग पाहिजे. इथं जुन्या शाईच्या दोनच दिसतात, मग मधे एकदम खंड, मग यांची, मग तुमची, मग मुलीची. पिढी दर पिढी सलग असत्या, तर मीच चार ठिकाणी बोललो असतो.”

ते गेले. जाताना झेंडूचं फूल आणि आपट्याची पानं घेऊन गेले, आणि नवऱ्याला नवं आयुष्य देऊन गेले.

संध्याकाळी सोनं वाटायला लोक येत-जात होते. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा” म्हणत आपट्याची पानं हातात ठेवत होते. त्यांच्यातून वेळ काढून नवरा गोल बाज़ारात जाऊन आला. टाकाची निब आणि काळ्या शाईची बाटली घेऊन आला, आणि मला म्हणाला, “चहा टाक. पण प्यायला नाही.”

“मग?”

“शाईत घालायला. जुनी दिसते.”

माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण चार दिवसांपूर्वी हाच माणूस एका रेघेनं किंमत कमी होते म्हणून घरभर ओरडत होता. आता त्याला रेघा कमी पडत होत्या.

तो सासूबाईंसमोर पुस्तक घेऊन बसला. “आई, दोन-तीन काढून दे. मधल्या काळातल्या. तुझा हात थरथरते, ते बरंच आहे, जुनं वाटते. कोणाचं नुकसान नाही याच्यात. काढल्याच असतील कोणी ना कोणी, राहिल्या असतील कागदावर यायच्या.”

सासूबाईंनी निब उचलली, बघितली, खाली ठेवली.

“माझी मी काढली,” त्या म्हणाल्या. “मामंजींनी हात धरला होता. तुझी तू काढली. तवा तुझा हात मी धरला होता, आणि तू रडून राहिला होता. आता तू मले सांग, ह्या कोणाच्या काढू? कोणाचा हात धरू?”

“कोणाचाही, आई. आकडेच आहेत.”

“आकडेच आहेत तर तूच काढ. तू तर मीटरचे आकडे लिहिले जन्मभर.”

“माझ्या हाताले वळण नाही तसं.”

“वळण नाहीच,” सासूबाई म्हणाल्या. हे त्यांनी अक्षराबद्दल म्हटलं की कशाबद्दल, ते नवऱ्यानं विचारलं नाही.

मग नवऱ्याला सुचलं. “बरं, पोट्टीची तर काढ. आता अडचण नाही. उलट पाहिजेच. तिची धरली म्हणजे एक वाढली.”

सासूबाईंनी पुस्तक मिटलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “आता नको. मी तिचा हात धरून विद्या काढीन, आणि तू मागून मोजून राहशील. राहू दे. पोट्टी शाळेत शिकते. शिकेल.”

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. झोपल्या नव्हत्या. नवरा पुस्तक घेऊन गेला, कुलूप लावलं, किल्ली सदऱ्यात. निब आणि शाई मात्र माझ्या टेबलावर तशीच सोडली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर शाईचा एक थेंबही पडला होता. तो डाग कुठल्या शतकातला, ते कुणी विचारलं नाही.

मला काय वाटलं? मला वाटलं की या घरात दोन माणसं एका पुस्तकासाठी भांडून राहिली आहेत. एकाला ते कोरं हवं होतं, मग भरलेलं हवं होतं, दोन्ही विकायला. दुसरीला त्यात एका मुलीचा हात धरायचा होता, आणि आता तिला तेही नको झालं होतं, कारण त्याचा भाव ठरला होता. यात विचार करण्यासारखं फारसं नव्हतं. जे विकलं जाऊ शकतं त्याचीच अडचण होती. मी खिसे पुन्हा टेबलावर घेतले आणि रात्री जेवण्याआधी निम्मे कापून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आंघोळीला गेला आणि सदरा खुंटीला राहिला. मी किल्ली काढली, पुस्तक बाहेर आणलं, कापायच्या टेबलावर उघडलं. मुलगी नातीला सोडून नुकतीच ऑफिसला गेली होती. मी नातीला म्हटलं, “तुझ्या दप्तरातला सगळ्यात चमकणारा पेन आण.”

तिनं जांभळा आणला. आत चकाकणारी पूड असलेला, वास येणारा, द्राक्षाचा म्हणे. लिहिलं की अक्षर कागदावर फुगून उठतं आणि उजेडात लुकलुकतं. कुठल्याही देशातला, कुठल्याही शतकातला संग्राहक ज्याला हात लावणार नाही असा पेन.

मग मी सासूबाईंना हाताला धरून टेबलाशी आणलं.

“आई, बसा. हिची राहिली आहे.”

“मी काल सांगितलं ना.”

“सांगितलं. ते शाईचं होतं. हा पेन बघा.”

त्यांनी पेन डोळ्यांजवळ नेला, उजेडात फिरवला. “हे असं चमकून काहून राहिलं?”

“चमकतेच ते. याच्यानं काढलं की पुस्तक बाजारात कोणी उचलणार नाही. मी सांगते. रोज पंडरीत माल परत करणाऱ्या लोकांशी माझी गाठ असते.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग बसल्या. नातीचा हात हातात घेतला.

नातीनं पहिली सरळ उभी रेघ मारली.

“हे काय?”

“एक।”

“याले डोकं कुठं आहे? दोन महिने काय शिकवलं तुले?”

“हमारे स्कूल में ऐसा ही बनाते हैं।”

“शाळेतला शाळेत. इथं डोकं पाहिजे, पोट पाहिजे, शेपटी पाहिजे. हं. असं वळव. अजून. हव, असं.”

दोन हात थरथरत होते, एक म्हातारा आणि एक हसणारा. आकडे एकमेकांना कुठे भिडत होते, कुठे नव्हते. सरस्वती जरा डावीकडे कलली. पान द्राक्षाच्या वासानं भरून गेलं आणि जांभळ्या ठिपक्यांनी लुकलुकायला लागलं. नात म्हणाली, “सुंदर है ना, बड़ी आजी?” सासूबाई म्हणाल्या, “सुंदर नाही. पण आहे.”

तेवढ्यात नवरा टॉवेल गुंडाळून दारात येऊन उभा राहिला. त्यानं पुस्तक पाहिलं, पेन पाहिला, लुकलुकणारं पान पाहिलं.

वरच्या पंख्यानं पान फडफडायला लागलं होतं, आणि शाई अजून ओली होती.

“अहो,” मी म्हटलं, “उभेच आहात तर पंखा बंद करा.”

त्यानं बंद केला.